वर्षावासात कान्हेरीला चला

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि आश्विन पौर्णिमेला त्याची सांगता होते. या तीन महिन्यांत आपल्या वस्त्यांमधील बुद्धविहारांतून 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. कामावरून आलेली माणसे, स्वयंपाक उरकून आलेल्या माता-भगिनी आणि दप्तर बाजूला ठेवून आलेली मुले एकत्र बसतात. बाहेर पाऊस कोसळत असतो आणि आत वाचन चाललेले असते. परंतु पूर्वी भिक्खूंचा वर्षावास कुठे होत असे, कसा होत असे, हे डोळ्यांनी पाहायचे असेल तर मुंबईकरांना फार दूर जायला नको. लोकलने बोरिवलीला उतरावे, पूर्वेला बाहेर पडावे आणि कान्हेरीची वाट धरावी.

यंदाच्या वर्षावासातील एका रविवारी आमच्या विहारातील बेचाळीस जण असे निघालो. त्यात सत्तरी ओलांडलेल्या आजी होत्या, खडीच्या खाणीवर उभे आयुष्य काढलेले एक काका होते, कॉलेजात जाणारी मुले-मुली होत्या आणि चिल्लीपिल्ली तर विचारूच नका. आदल्या रात्रीपासून पावसाची झड लागली होती. "एवढ्या पावसात कशाला? दिवाळी झाली की जाऊ," असे काही जणांचे म्हणणे पडले. पण वर्षावास समजून घ्यायचा तर तो पावसातच समजेल, असे ठरवून आम्ही छत्र्या, रेनकोट, डोक्यावरून घ्यायची प्लास्टिकची कागदे आणि जेवणाचे डबे घेऊन निघालो.

जंगलातली वाट

बोरिवली स्टेशनपासून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे प्रवेशद्वार चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचे हे जंगल मुंबई आणि ठाणे यांच्या मधोमध उभे आहे. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात एवढे जंगल, ही गोष्टच नवलाची. प्रवेशद्वारापासून लेणी साधारण सहा किलोमीटर आत आहेत. वयस्कर मंडळींना आम्ही बसमध्ये बसवून दिले आणि बाकीचे पायी निघालो.

वाट डांबरी आहे, पण दोन्ही बाजूंना गच्च रान आहे. साग, ऐन, पळस, सावर ही झाडे पावसाने न्हाऊन निघालेली. उतारावर कारवीची झुडपे दाटीवाटीने उभी होती. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते. २०१६ साली ती इथे फुलली होती, हे ऐकून एका मुलाने लगेच आपले तेव्हाचे वय मोजले. ठिकठिकाणी ओढे खळाळत होते. पाण्यात उतरायचे नाही, हे मुलांना आधीच बजावून सांगितले होते. डोंगरातल्या ओढ्याला पाणी कधी वाढेल याचा नेम नसतो आणि दरवर्षी पावसाळ्यात अशा मौजेपायी तरुण जीव जातात. जंगलात बिबट्याही आहे. म्हणून सगळ्यांनी मिळून चालायचे, रस्ता सोडायचा नाही आणि लहान मुलांना मध्ये घ्यायचे, असा आमचा नियम होता.

पायाखालचा रस्ता गोगलगायींनी आणि लालसर काळ्या पैसा किड्यांनी भरला होता. मधूनच एखादा खेकडा नांग्या उगारून आडवा पळे. सातवीत शिकणारी एक मुलगी पाय जपून टाकत चालली होती. तिला विचारले तेव्हा ती म्हणाली, "काका, कितीतरी जीव आहेत रस्त्यावर. बघून नको का चालायला?"

आम्ही तिथेच थांबलो. कारण वर्षावासाचा उगम त्या मुलीच्या बोलण्यात होता. तथागतांच्या काळी भिक्खू बारा महिने चारिका करीत. पावसाळ्यात त्यांच्या पायाखाली कोवळे अंकुर तुडवले जातात, बारीक जीव चिरडले जातात, अशी तक्रार लोकांनी केली. तथागतांनी ती तक्रार ऐकून घेतली आणि पावसाळ्याचे तीन महिने भिक्खूंनी एका जागी राहावे असा नियम घालून दिला. सामान्य माणसांच्या तक्रारीवरून भिक्खुसंघाचा नियम झाला. कोणी धर्मगुरूने आकाशातून आणलेली ती आज्ञा नव्हती. पुस्तकात वाचलेली ही गोष्ट त्या भिजलेल्या रस्त्यावर मुलांना चटकन उमगली.

वाटेत काही वारली भगिनी काकडी, कंटोली आणि टाकळ्याच्या जुड्या घेऊन बसल्या होत्या. हे जंगल उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांचे पाडे इथे आहेत. आमच्या ताईंनी त्यांच्याकडून भाजी घेतली आणि घासाघीस केली नाही. दिवसभर पावसात बसून चार पैसे मिळवणे म्हणजे काय, हे आपल्या घरातील बायांना वेगळे सांगावे लागत नाही.

हाच पाऊस, हाच डोंगर

पावसाळी सहलीची वर्णने वर्तमानपत्रांत पुष्कळ येतात. धबधबा, धुके आणि गरम भजी, एवढ्यावर ती संपतात. आपल्या घरांत पाऊस येतो तो पत्र्याच्या भोकातून. रात्रभर बादल्या लावून बसायचे, मुलांची पुस्तके फळीवर उंच ठेवायची आणि पाणी उंबऱ्याच्या आत येते का, हे बघत जागायचे, हा आपला पावसाळा.

२ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर मालाड पूर्वेला पाण्याच्या टाकीची संरक्षक भिंत कोसळली. पिंपरीपाडा आणि आंबेडकर नगर येथील पंचवीसहून अधिक माणसे झोपेतच गेली. ती वस्ती याच जंगलाच्या कडेला होती. जो डोंगर आम्ही चढत होतो, त्याच डोंगराच्या उतारावर. तिथली अनेक कुटुंबे पुनर्वसनाच्या घरांची वर्षानुवर्षे वाट पाहत होती. त्याआधी २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठी नदीने वस्त्याच्या वस्त्या बुडवल्या. ती मिठी नदीही याच डोंगररांगेतून, विहार तलावाच्या बाजूने उगम पावते.

हे सगळे मनात घेऊन कान्हेरीला गेलो म्हणजे तिथे काय पाहायचे ते कळते. दोन हजार वर्षांपूर्वी याच पावसात, याच डोंगरात माणसे राहिली. त्यांनी पाण्याला वाट दिली, साठवून ठेवले आणि वर्षभर प्यायले. ते त्यांनी कसे केले?

टाकीचे घाव

कान्हेरीचे जुने नाव कण्हसेल, म्हणजे काळा डोंगर. पुढे संस्कृतात कृष्णगिरी झाले. इथे शंभराहून अधिक गुंफा आहेत. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास खोदकाम सुरू झाले आणि जवळजवळ हजार वर्षे हे भिक्खूंचे निवासस्थान व विद्येचे केंद्र राहिले. "पांडवांनी एका रात्रीत खोदली," असे सांगणारे आजही भेटतात. अशा भाकडकथांना उत्तर देण्यासाठी वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. भिंतीवरच्या टाकीच्या खुणा बोटांनी चाचपल्या म्हणजे पुरे.

आमच्याबरोबरच्या खाणीवाल्या काकांनी नेमके तेच केले. पहिल्या क्रमांकाची गुंफा अर्धवट राहिलेली आहे. तिचे मोठाले खांब उभे आहेत, पण आतले काम झालेले नाही. काका तिथे बराच वेळ उभे राहिले. मग त्यांनी मुलांना जवळ बोलावून सांगितले, "हे काम वरून खाली आलंय. आधी छत, मग भिंती, शेवटी जमीन. भिंतीची वीट वाकडी बसली तर काढून परत लावता येते. इथं एक घाव चुकला तर गेलेला दगड परत जोडता येत नाही. एवढी नजर पाहिजे." ज्या माणसाने चाळीस वर्षे सुतकी आणि पहार चालवली, त्याच्या तोंडून लेण्यांची माहिती ऐकणे हा वेगळाच अनुभव होता. त्या दिवशी आमचे मार्गदर्शक तेच झाले.

तिसऱ्या क्रमांकाची गुंफा म्हणजे इथले महाचैत्य. सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळात, दुसऱ्या शतकाच्या अखेरीस, दोन व्यापारी भावांच्या दानातून ते कोरले गेले. आत ३४ खांब आणि टोकाला स्तूप आहे. व्हरांड्याच्या दोन्ही अंगांना वीस फुटांहून उंच अशा उभ्या बुद्धमूर्ती आहेत. त्या नंतरच्या काळातल्या. बाहेर पाऊस, आत काळोख आणि गारवा. आम्ही चपला बाहेर काढून आत गेलो आणि हळू आवाजात त्रिशरण-पंचशील म्हटले. मेणबत्त्या किंवा उदबत्त्या लावल्या नाहीत, कारण धुराने दगड काळवंडतो. चाळीस आवाज त्या कमानदार छताखाली असे घुमले की लहान मुलेही चुळबूळ न करता उभी राहिली. विहारात रोज म्हणतो तीच वंदना. पण ती आपल्या आधी इथे किती पिढ्यांनी म्हटली असेल, या विचाराने कित्येकांचे डोळे पाणावले.

पाण्याची पोढी

पायऱ्यांनी वर गेले म्हणजे लहान लहान गुंफा लागतात. बहुतेकांची रचना सारखी आहे. पुढे अंगण, मग व्हरांडा, आत बसायला दगडी ओटा आणि झोपायला खोली. अंगणाच्या एका बाजूला जमिनीत कोरलेले पाण्याचे टाके. शिलालेखांत त्याला 'पोढी' म्हटले आहे. डोंगराच्या उतारावर बारीक पन्हळी कोरलेल्या आहेत. पावसाचे पाणी त्या पन्हळीतून वाहत येऊन पोढीत पडते. पोढीचे तोंड लहान आणि पोट मोठे, त्यामुळे उन्हाने पाणी आटत नाही. वरच्या घळीत पाणी अडवण्यासाठी बांधलेल्या जुन्या बंधाऱ्याचे अवशेषही सापडले आहेत.

कोरड्या दिवसांत गेले तर या पन्हळी म्हणजे दगडावरच्या रेघोट्या वाटतात. आम्ही गेलो तेव्हा प्रत्येक पन्हळ वाहत होती. दोन हजार वर्षांपूर्वीचे काम आमच्या डोळ्यांसमोर चालू होते. मुलांनी कागदाच्या होड्या सोडू का, असे विचारले. पानांच्या होड्या सोडायला सांगितले. त्या तरंगत तरंगत बरोबर पोढीच्या तोंडाशी पोचल्या आणि टाळ्या पडल्या.

या पोढ्या कोणी दिल्या? कान्हेरीत शंभरच्या आसपास शिलालेख आहेत. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप यांनी ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, त्यानंतर ते हळूहळू वाचले गेले. पुण्याच्या डॉ. शोभना गोखले यांचा कान्हेरीच्या शिलालेखांवरील ग्रंथ १९९१ साली प्रसिद्ध झाला. या लेखांतून दात्यांची नावे, गावे आणि व्यवसाय कळतात. कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने पोढी दिली. कल्याणच्याच नंद नावाच्या लोहाराने वाट करून दिली. सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे दाते आहेत. व्यापारी आहेत, गृहिणी आहेत, भिक्खुणी आहेत. राजांची नावे काळ सांगण्यापुरती येतात. कष्ट करून कमावलेल्या पैशातून ज्यांनी दान दिले, त्यांची नावे दगडात राहिली.

हे वाचून दाखवल्यावर कल्याणहून आलेल्या एक ताई एकदम म्हणाल्या, "म्हणजे आमच्या कल्याणचा लोहार!" आज विरार लोकलने नालासोपाऱ्याहून आणि कर्जत-कसारा लोकलने कल्याणहून कामाला येणाऱ्या आपल्या हजारो बांधवांना हे माहीत आहे का, की आपल्याच गावांतून त्या काळी माणसे या डोंगरावर दान घेऊन येत होती?

पोढीजवळ उभे असताना एका मुलाने विचारले, "हे पाणी सगळ्यांना होते का?" प्रश्न साधा नव्हता. ही दाने चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिलेली आहेत. त्या संघात न्हावी असलेला उपाली होता, रस्ते झाडणारा सुनीत होता. संघात आल्यावर त्यांना वेगळे पाणी नव्हते, वेगळी पंगत नव्हती. आणि त्याच महाराष्ट्रात पुढे अशी वेळ आली की, महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी पिण्यासाठी बाबासाहेबांना २० मार्च १९२७ रोजी सत्याग्रह करावा लागला. कोर्टाचा शेवटचा निकाल मिळायला १९३७ साल उजाडले. कान्हेरीची पोढी आणि महाडचे तळे या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहिल्या, म्हणजे बाबासाहेबांनी आपल्याला बुद्धाकडे का नेले ते मुलांना समजावून सांगणे सोपे जाते.

अक्षयनीवी

हिशेबाची कामे करणाऱ्यांना कान्हेरीत आणखी एक गोष्ट भावते. काही शिलालेखांत 'अक्षयनीवी' हा शब्द येतो. दात्याने एक रक्कम किंवा शेत कायमचे लावून द्यायचे. मुद्दलाला हात लावायचा नाही. त्याच्या उत्पन्नातून गुंफेत वर्षावास करणाऱ्या भिक्खूला चिवर द्यायचे. आजच्या भाषेत ही मुदत ठेव झाली. नाशिकच्या लेण्यांत उषवदाताचा लेख आहे. त्यात विणकरांच्या श्रेणीकडे २,००० कार्षापण ठेवल्याची नोंद आहे आणि व्याजाचा दरही दिला आहे, दरमहा शेकडा एक. म्हणजे कामगारांची श्रेणी त्या काळची पतपेढी होती. कान्हेरीतच नवव्या शतकातल्या, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळातल्या एका दानात बुद्धपूजा, दुरुस्ती, चिवर आणि पुस्तके यांसाठी वेगवेगळी रक्कम ठेवलेली आहे. अंदाजपत्रकात पुस्तकांचे खाते वेगळे ठेवणारी ही माणसे होती!

अकरा क्रमांकाच्या गुंफेला लोक 'दरबार हॉल' म्हणतात. इथे कुणा राजाचा दरबार भरत नव्हता. जमिनीवर समोरासमोर दोन लांब, बुटके दगडी बाक आहेत. भिक्खूंनी एकत्र बसण्याची ती जागा. पावसाळ्याचे तीन महिने बाहेर जायचे नाही, तेव्हा बसायचे, ऐकायचे, प्रश्न विचारायचे आणि पाठ करायचे. आमच्या आजी एका लहान खोलीच्या दगडी ओट्यावर हात फिरवत म्हणाल्या, "एवढीच खोली होती आमची. सात माणसं राहिलो तिच्यात. पण पोरांना अभ्यासाला कोपरा नव्हता रे. इथं बघ, एकेका माणसाला बसायला जागा केलीय."

नव्वदाव्या गुंफेत इ. स. १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत आपली नावे कोरून ठेवली आहेत. त्याच भिंतींवर अलीकडच्या प्रेमवीरांनीही आपली नावे खरडली आहेत. "त्यांनी लिहिलेलं चालतं, मग आपण लिहिलेलं का नाही?" असे एका पोराने विचारताच सगळे हसले. कॉलेजातल्या ताईने उत्तर दिले, "तुझ्याकडे वही आहे ना? मग दगडाला कशाला त्रास? वहीत लिही आणि वही जपून ठेव." पोराला ते पटले असावे. परतताना तो बसमध्ये वही उघडून बसला होता.

जेवणे आम्ही लेण्यांत केली नाहीत. खाली आडोशाला बसून डबे सोडले. चपात्या, बटाट्याची भाजी, लसणाची चटणी, उकडलेली अंडी. माकडांनी एक अख्खा डबा पळवला आणि डबेवालीला सगळ्यांनी आपापल्यातला घास दिला. जाताना कागद आणि पिशव्या गोळा करून खाली आणल्या. त्यात दुसऱ्यांनी टाकलेल्या बाटल्याही होत्या.

आपण काय करायचे?

कान्हेरी पाहून आल्यावर पुढच्याच रविवारी विहारात बैठक झाली. आमच्या विहाराच्या मागच्या खोलीत दहावी-बारावीची मुले अभ्यास करतात. तिचा पत्रा दोन पावसाळे गळत होता आणि मोठा देणगीदार मिळेल म्हणून काम थांबले होते. बैठकीत त्याच आजींनी पहिले पन्नास रुपये ठेवले. मग कोणी शंभर दिले, कोणी वीस. खाणीवाल्या काकांनी मजुरी न घेता काम करण्याचे कबूल केले. पत्रा आता बदलला आहे आणि वरचे पाणी बाहेरच्या पिंपात पडेल अशी पन्हळ बसवली आहे. देणाऱ्यांची नावे, रक्कम कितीही असो, एका वहीत एकाखाली एक लिहिली आहेत. पुस्तकांसाठी वेगळे खाते ठेवले आहे.

बंधू-भगिनींनो, पुढच्या वर्षावासात प्रत्येक विहाराने अशी एक धम्मसहल काढावी. सोमवारी उद्यान बंद असते, हे ध्यानात ठेवावे. सकाळी लवकर निघावे आणि दुपारनंतर परतीला लागावे. उद्यानाचे आणि लेण्यांचे तिकीट वेगवेगळे काढावे लागते. पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हणून घट्ट बसणाऱ्या चपला-बूट घालावेत आणि वयस्करांसोबत एकेक तरुण द्यावा. मूर्तींना हार, गुलाल, मेण लावू नये. जाण्यापूर्वी विहारात एक संध्याकाळ कान्हेरीच्या माहितीचे वाचन करावे आणि लेण्यात गेल्यावर सांगण्याचे काम मुलांवर सोपवावे. ज्याला सांगायचे असते तो नीट वाचतो.

पावसाळ्यात कान्हेरीला गर्दी फार होते. धबधब्यासाठी येणारे येवोत. आपण मात्र आपल्या मुलांना हाताला धरून त्या पोढीपर्यंत न्यावे, सामिदत्त सोनाराचे आणि नंद लोहाराचे नाव सांगावे, आणि घरी आल्यावर आपल्या विहाराच्या वहीत आपलेही नाव लिहावे.

जय भीम! नमो बुद्धाय!